दुभाष्याच्या कानावरचा भार

आदिलाबाद जिल्ह्यात सरकारी कागद तेलुगूत निघतो, बाजारात तेलुगू, मराठी आणि उर्दू तिन्ही चालतात, आणि हजारो माणसांचे दुखणेखुपणे मात्र गोंडीत किंवा कोलामीत असते. ते डॉक्टरपर्यंत, तहसीलदारापर्यंत, न्यायाधीशापर्यंत पोहोचवायचे तर दोन्ही भाषा जाणणारा माणूस मध्ये लागतो. पूर्वी हा माणूस शेजारी उभा असे. आता तो पुष्कळदा फोनच्या पलीकडे असतो, किंवा तो रुग्णाजवळ असतो आणि डॉक्टर पडद्यावर. भाषा सांधण्याचे काम तेच राहिले, पण ते करण्याची परिस्थिती पार बदलली.

दूरवरून दुभाष्याचे काम करणाऱ्यांच्या या परिस्थितीकडे जगात गेल्या काही वर्षांत गांभीर्याने पाहिले जाऊ लागले आहे. कॅनडाच्या संसदेत, युरोपीय संसदेत, अमेरिकेतल्या इस्पितळांत त्यावर नियम झाले, तक्रारी झाल्या, संपही झाले. आदिलाबादच्या गुड्यांवर, म्हणजे आदिवासी पाड्यांवर, हेच काम रोज होते, पण त्याला काम म्हणून कोणी मोजत नाही. हा प्रश्न समजून घ्यायला आदिलाबादसारखी जागा नाही, कारण इथे भाषांची गाठ जितकी पक्की आहे तितकीच जुनी आहे.

सीमेवरचा बहुभाषी मुलूख

आजचा आदिलाबाद जिल्हा जुन्या जिल्ह्याचा एक तुकडा आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणाने जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे केले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. त्याच्या साठ वर्षे आधी, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे भाग नांदेडला जोडले गेले होते, आणि राजुरा पुढे चांदा जिल्ह्यात गेला. रेषा बदलल्या तरी माणसे जागेवरच राहिली. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ या मंडळांत मराठी घरोघरी बोलली जाते. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरच्या डोंगराळ भागात राजगोंडांची गोंडी, कोलामांची कोलामी आणि बंजाऱ्यांची लंबाडी आहे. शहरात उर्दू आहे. सरकारी कारभाराची भाषा तेलुगू.

गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविडी कुळातल्या. तरी एक दुसरीची बोली नव्हे. भाषाशास्त्रज्ञ गोंडीला तेलुगूच्याच शाखेत ठेवतात आणि कोलामीला मध्य शाखेत. शाखा एक असली तरी तेलुगू येणाऱ्या नर्सला गोंडी आपोआप समजत नाही आणि गोंडी येणाऱ्याला कोलामी समजेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते आणि कोलामीचे सुमारे १ लाख २८ हजार. यांपैकी एकही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. संसदेत आता अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये तत्काळ भाषांतराची सोय झाली आहे. तीस लाखांच्या गोंडीला त्या यादीत जागा नाही.

निजामाच्या काळात हा प्रश्न आणखी तीव्र होता. महसुलाचा, जंगलखात्याचा आणि न्यायालयाचा कागद उर्दूत. ज्याच्या जमिनीवर तो कागद लागू व्हायचा त्या गोंडाला उर्दू वाचता येत नसे. कुणीतरी मधला माणूस कागदात काय लिहिले आहे ते सांगे, आणि तो सांगेल तेच खरे धरावे लागे. जमिनी हातून गेल्या त्याची कारणे अनेक होती. त्यात न समजलेल्या कागदांचा वाटा मोठा होता. गोंड नेता कोमरम भीमचे बंड जोडेघाटच्या डोंगरात १९४० मध्ये त्याच्या मृत्यूने संपले, तेव्हा निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्याचे काम ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्याकडे सोपवले. हायमेंडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी मारलवाई या गोंड गावात राहिले आणि गोंडी शिकले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. त्यासाठी गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण थोडेफार शिकलेल्या गोंडांना ओळखीची लिपी मराठीची होती.

याच कामात पुढे एक मराठी नाव येते. सेतुमाधवराव पगडी यांना आपण शिवकालाचे आणि मोगल-मराठा संबंधांचे इतिहासकार म्हणून ओळखतो. हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासी भागात काम केले, तिथल्या भाषा शिकले, गोंडांवर पुस्तक लिहिले आणि १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९५५ च्या आपल्या कोलामीवरील ग्रंथात आदिलाबादच्या बोलीसाठी पगडींच्या याच सामग्रीचा आधार घेतला. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने लोकांची भाषा शिकावी, हा उपाय त्या पिढीने प्रत्यक्ष करून दाखवला.

तो उपाय आजही सर्वांत चांगला आहे. पण प्रत्येक डॉक्टरला आणि प्रत्येक न्यायाधीशाला बदलीच्या ठिकाणची चौथी-पाचवी भाषा शिकवणे शक्य नसते. म्हणून दुभाषी लागतो, आणि म्हणून त्याचे काम नीट कळायला हवे.

डोक्यात एकाच वेळी चाललेली चार कामे

दोन भाषा येणाऱ्या कुणालाही दुभाष्याचे काम जमेल, असा सर्रास समज आहे. फ्रेंच अभ्यासक डॅनियल जिल यांनी या कामाची जी फोड केली आहे ती पाहिली की हा समज टिकत नाही. बोलणारा काय म्हणतो ते ऐकून अर्थ लावणे, तो अर्थ थोडा वेळ ध्यानात धरणे, दुसऱ्या भाषेत वाक्य घडवणे, आणि या तिन्हींचा तोल सांभाळणे, अशी चार कामे मेंदू एकदम करत असतो. मेंदूची ताकद मर्यादित आहे आणि चांगला दुभाषी नेहमी तिच्या कडेवर काम करत असतो. ऐकण्यातच जास्त ताकद खर्ची पडली, म्हणजे आवाज तुटक आला किंवा मागे गोंगाट झाला, तर उरलेल्या कामांना ती कमी पडते. मग वाक्याचा शेवट निसटतो, आकडा चुकतो, एखादे ‘नाही’ गळून पडते.

ही मर्यादा व्यवसायाने फार लवकर ओळखली. नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूरेंबर्गचा खटला सुरू झाला तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत तत्काळ भाषांतर करण्यासाठी बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या नेमल्या गेल्या. एक तुकडी काम करत असताना दुसरी बदलीसाठी तयार असे आणि तिसरीला त्या दिवशी सुट्टी. बोलणारा फार भरभर बोलू लागला की दुभाषी पिवळा दिवा लावत, काम अशक्य झाले की लाल, आणि न्यायाधीश बोलणाऱ्याला थांबवत. ज्यांच्या जीवनमरणाचा निवाडा व्हायचा होता त्यांच्या खटल्यात दुभाष्याला न्यायालय थांबवण्याचा अधिकार होता.

१९९८ मध्ये जिनिव्हाच्या बार्बरा मोझर-मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षित दुभाष्यांना नेहमीपेक्षा लांब पाळी देऊन पाहिले. अर्ध्या तासानंतर अर्थाच्या चुका वाढत गेल्या. त्याहून गंभीर गोष्ट ही की चुका वाढत आहेत हे दुभाष्यांच्या स्वतःच्या लक्षात येत नव्हते. थकलेला दुभाषी आपण थकलो आहोत हे सांगू शकत नाही, म्हणून विश्रांती त्याच्या इच्छेवर न सोडता नियमाने द्यावी लागते. परिषदांत दर वीस ते तीस मिनिटांनी माणूस बदलण्याची जुनी रीत त्याचसाठी आहे.

तारेच्या पलीकडे काय हरवते

दूरवरून भाषांतर करण्याचे प्रयोग जुने आहेत. १९७६ मध्ये युनेस्कोने पॅरिस आणि नैरोबी उपग्रहाने जोडून तसा प्रयोग केला. ऑस्ट्रेलियाने त्याआधीच, १९७३ मध्ये, स्थलांतरितांसाठी तातडीची टेलिफोन दुभाषा सेवा सुरू केली होती. ती आता चोवीस तास चालते आणि दीडशेहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. कोविडच्या काळात मात्र हे काम अचानक सगळीकडे पसरले. बैठका पडद्यावर गेल्या आणि दुभाषी आपापल्या घरी बसून, साध्या लॅपटॉपवर आणि घरच्या इंटरनेटवर काम करू लागले.

तेव्हा एक जुनी तांत्रिक गोष्ट सर्वांना नव्याने बोचू लागली. माणसाच्या बोलण्यातली माहिती खालच्या-वरच्या बऱ्याच कंपनसंख्यांवर पसरलेली असते. स्वर खाली असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज ४,००० हर्ट्झच्याही वर जातो. दुभाष्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार १२५ ते १५,००० हर्ट्झ इतका आवाज कानापर्यंत यायला हवा. जुन्या पद्धतीचा फोन फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झ नेतो. नव्या ४जी नेटवर्कवरचा कॉल पुष्कळ बरा असतो, पण रेंज गेली की फोन जुन्या पद्धतीवर उतरतो. डोंगराळ भागातल्या गुड्यावर हे वारंवार होते. आपल्या रोजच्या गप्पांत हे जाणवत नाही, कारण आपल्या भाषेत गळलेले व्यंजन मेंदू संदर्भावरून भरून काढतो. दुभाष्याला भरून काढायचेही असते, दुसऱ्या भाषेत सांगायचेही असते. त्याचा कान दिवसभर गळक्या आवाजाची दुरुस्ती करत राहतो आणि ती मेहनत कुणाला दिसत नाही.

दुसरे नुकसान चेहऱ्याचे. ओठांची हालचाल, हाताने दाखवलेली दुखरी जागा, बोलता बोलता खाली गेलेली नजर, हे सगळे फोनवर नाहीसे होते. ‘इथे दुखते’ असे बाईने बोट ठेवून सांगितले तर फोनवरच्या दुभाष्याला ‘इथे’ म्हणजे कुठे ते कळत नाही. व्हिडिओवर ते दिसू शकते, पण चित्र आवाजाच्या मागे राहिले की तेही गोंधळात भर घालते.

तिसरा धोका थेट कानाला आहे. माइकजवळ अचानक खडखडाट झाला, दोन उपकरणांचा आवाज एकमेकांत घुसून किंचाळी उठली, तर हेडफोन लावलेल्या माणसाच्या कानाला धक्का बसतो. त्यानंतर कानात सतत गुणगुण, डोकेदुखी, चक्कर, साध्या आवाजाचाही त्रास, असे विकार मागे राहू शकतात. कॅनडाच्या संसदेत ऑक्टोबर २०२२ मध्ये सिनेटच्या समितीचे काम चालू असताना एका दुभाष्याला असा धक्का बसला आणि रुग्णवाहिकेतून इस्पितळात न्यावे लागले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या कामगार खात्याने निर्णय दिला की सरकारच्या भाषांतर विभागाने दुभाष्यांच्या सुरक्षिततेचा कायदा पाळलेला नाही. त्याच सुमारास, २०२२ च्या उन्हाळ्यात, युरोपीय संसदेच्या दुभाष्यांनी दूरवरून बोलणाऱ्या सदस्यांचे भाषांतर करणेच थांबवले. त्यांची मागणी साधी होती. जो बोलतो त्याच्याकडे नीट माइक हवा आणि आमचे कामाचे तास कमी हवेत. कारण चांगला हेडफोन दुभाष्याने घेऊन भागत नाही. बोलणाऱ्याचा माइक खराब असेल तर पलीकडच्या कानाला कुठलेही यंत्र वाचवत नाही.

डॉक्टर पडद्यावर, आशाताई मध्ये

आता आदिलाबादकडे परत येऊ. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२४ पर्यंत देशभरात तिच्यावर ३० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. तिची मुख्य रचना अशी की गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी बसतात, आणि मोठ्या केंद्रातला डॉक्टर पडद्यावरून तपासतो. उटनूरच्या डोंगरातून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला लागणारा वेळ आणि मजुरीचा खाडा वाचतो. ही सोय मोलाची आहे.

पण रुग्ण कोलामी बोलत असेल आणि डॉक्टर तेलुगू किंवा इंग्रजी, तर मधला माणूस कोण? ए.एन.एम. नर्स, आशा कार्यकर्ती, सोबत आलेला नातेवाईक, नाहीतर आश्रमशाळेत शिकून तेलुगू आलेला मुलगा. कधी एका माणसाने भागत नाही. म्हातारीची कोलामी शेजारीण गोंडीत सांगते आणि ती गोंडी कर्मचारी तेलुगूत सांगते. प्रत्येक टप्प्यावर थोडे काही गळते. डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत चार दिवसांचा ताप नुसता ताप होतो.

अशा वेळी काय गळते याचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लहान मुलांच्या तपासणीतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. एका भेटीत सरासरी ३१ चुका आढळल्या. त्यांत निम्म्याहून अधिक चुका सांगायचे राहून जाण्याच्या होत्या. इस्पितळाच्या दुभाष्यांच्या चुकांपैकी ५३ टक्के चुकांमुळे उपचारावर परिणाम होऊ शकत होता. वेळेवर जो सापडला त्याला उभे केले होते तिथे हे प्रमाण ७७ टक्के होते. पगारी दुभाषीही चुकतो, पण त्याच्या चुका कमी घातक असतात. फरक भाषेच्या ज्ञानाएवढाच तालमीचा आहे. प्रशिक्षित माणूस ‘थांबा, पुन्हा सांगा’ म्हणायला कचरत नाही. नातेवाईक कचरतो.

आशाताईंच्या बाबतीत अडचण आणखी आहे. त्या पगारी कर्मचारी नाहीत. त्यांना कामागणिक प्रोत्साहनभत्ता मिळतो. बाळंतपण, लसीकरण, नोंदणी यांचे दर ठरलेले आहेत. गोंडी बाईचे म्हणणे तेलुगू डॉक्टरला अर्धा तास समजावून सांगितले, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. फोन सांभाळणे त्यांचे, त्याची बॅटरी भरणे त्यांचे, आणि गुड्यावर रेंज नसेल तर टेकाडावर चढण्याचे पायही त्यांचेच.

मुलांचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक आहे. आश्रमशाळेतला बारा वर्षांचा मुलगा आईच्या गर्भाशयाच्या आजाराबद्दल परक्या डॉक्टरशी बोलतो तेव्हा आई अर्धे सांगत नाही आणि मुलगा अर्धे विचारत नाही. अमेरिकेत आरोग्यसेवेच्या नागरी हक्कांच्या नियमांनी अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यावर बंदी आहे, अपवाद फक्त तातडीचा. आपल्याकडे असा विचारही अजून सुरू झालेला नाही.

दुभाष्याच्या मनावरच्या भाराचाही विचार व्हायला हवा. व्यावसायिक दुभाषी ‘ती म्हणते तिला मारहाण झाली’ असे सांगत नाही. तो ‘मला मारहाण झाली’ असे सांगतो, कारण बोलणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत पोहोचले पाहिजे. दिवसातून अनेकदा दुसऱ्याचे दुःख ‘मी’ म्हणून उच्चारायचे, आणि कॉल संपताच एकट्याने पुढचा कॉल घ्यायचा, याने मन पोखरते. समोरासमोरच्या कामात निदान सोबतच्या नर्सशी दोन शब्द बोलता येतात. फोनवरच्या दुभाष्याला तेही नाही. गुड्यावरच्या आशाताईला तर ती बाई रोज पाणवठ्यावर भेटणार असते, आणि ऐकलेले कुणाला सांगायचे नसते.

न्यायालयात शपथ कुणाची

कायद्याने दुभाष्याची दखल घेतली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ नुसार आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असली तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात सांगावी लागे. कलम २८२ नुसार दुभाष्यावर खरे भाषांतर करण्याचे बंधन होते. हीच तत्त्वे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कायम आहेत. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. म्हणजे जबाबदारी पूर्ण आहे. कामाच्या परिस्थितीबद्दल, विश्रांतीबद्दल, आवाजाच्या दर्जाबद्दल मात्र या कलमांत काहीही नाही.

नव्या संहितेने खटल्याची बरीचशी कामे व्हिडिओवर घेण्याची मुभा दिली आहे. आरोपी तुरुंगातून, साक्षीदार तालुक्यातून आणि दुभाषी आणखी कुठून, अशी वेळ आता येणारच. सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी पडद्यावरून सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या मदतीने युक्तिवाद केला, आणि त्यानंतर काही दिवसांतच न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतःचा दुभाषी नेमला. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना भारतात निदान एक संस्था आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेले दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र त्यांना शिकवते. गोंडी किंवा कोलामीच्या दुभाष्यासाठी तसे शिक्षण देणारी संस्था देशात नाही.

एका कायद्यात मात्र योग्य दिशा सापडते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याचे २०२० चे नियम सांगतात की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची आणि भाषांतरकारांची नोंदवही ठेवावी. बालकाची भाषा जाणणारा माणूस त्यातून बोलवावा. त्याला राज्य सरकारने ठरवलेले मानधन द्यावे, आणि ते किमान वेतन कायद्यातील कुशल कामगाराच्या दरापेक्षा कमी नसावे. नोंदवही, पात्रता आणि मोबदला, तिन्ही एका नियमात आले आहेत. बालकाच्या जबाबासाठी जे आवश्यक मानले, ते त्याच्या आईच्या बाळंतपणासाठी आणि आजोबांच्या जमिनीच्या खटल्यासाठीही आवश्यक आहे.

मिनिटावर मोजलेले काम

जगात ज्यांना या कामाचा मोबदला मिळतो त्यांचीही घडी नीट बसलेली नाही. परदेशातल्या पुष्कळ टेलिफोन-दुभाषा कंपन्या जोडलेल्या मिनिटांचेच पैसे देतात. कॉल येण्याची वाट पाहत हेडफोन लावून बसलेला वेळ हिशेबात धरला जात नाही. एक कॉल बाळंतपणाच्या खोलीतून, दुसरा विम्याच्या कार्यालयातून, तिसरा पोलीस ठाण्यातून. विषय आधी सांगितला जात नाही, म्हणून तयारी करता येत नाही. जास्त मिनिटे म्हणजे जास्त पैसे, त्यामुळे थकलेला माणूस विश्रांती घेत नाही. अभ्यास सांगतो त्याच्या अगदी उलट वागायला ही पद्धत त्याला भाग पाडते. आपल्याकडे दूरध्वनीवरची दुभाषा सेवा उद्या उभी राहिली तर तिने ही पद्धत उचलू नये. हजेरीच्या वेळेचा मोबदला द्यावा.

मग यंत्राने का करू नये, असा प्रश्न येतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय जनजाती मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले. त्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडी आहे. आदिलाबादचे शिक्षक तोडसम कैलाश यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोलामीत गाणे तयार केले, त्याचा उल्लेख फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये झाला. नारनूर मंडळातल्या गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. ही सगळी कामे भाषेला बळ देणारी आहेत आणि ती वाढली पाहिजेत. तरी यंत्र ज्या लिखित मजकुरावर शिकते तो गोंडीत थोडा आहे आणि कोलामीत त्याहून थोडा. छत्तीसगडची गोंडी आदिलाबादच्या गोंडीहून बरीच वेगळी आहे. सूचना, फलक, माहितीपत्रके यांसाठी यंत्र कामाला येईल. ताप किती दिवसांचा, जबाब खरा की दडपणाखालचा, हे विचारायला अजून माणूसच लागेल. शिवाय यंत्राला शिकवायलाही दोन्ही भाषा नीट जाणणारी हीच माणसे लागतात.

काय करता येईल

पहिले काम नोंदवहीचे. उटनूरला एकात्मिक आदिवासी विकास संस्था आहे, जिल्ह्यात आश्रमशाळांचे जाळे आहे, गोंडी-तेलुगू, कोलामी-तेलुगू, मराठी-तेलुगू जाणणारे शिक्षक आणि पदवीधर तरुण आहेत. पॉक्सोच्या नियमांप्रमाणे ठेवायची नोंदवही आरोग्य, महसूल आणि न्यायालय यांनाही खुली करावी. जिवती तालुका आणि केरामेरी मंडळ यांच्यामधल्या ज्या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, तिथे ही यादी दोन्ही राज्यांनी मिळून करावी. तिथल्या मराठी माणसाला तेलुगू कागद रोज वाचावा लागतो.

दुसरे, थोडक्या दिवसांचे पण खरे प्रशिक्षण. गुप्तता कशी राखायची, काहीही न गाळता कसे सांगायचे, समजले नाही तर कसे थांबवायचे, शरीराच्या अवयवांचे आणि कायद्याचे शब्द दोन्ही भाषांत कोणते, एवढे तरी त्यात हवे. तिसरे, साधने. तारेचा चांगला हेडसेट आणि शांत खोली, हे उपकेंद्राच्या सामानाच्या यादीत वजनकाट्याइतकेच हक्काने यावे. चौथे, मोबदला. आशाताईने दुभाष्याचे काम केले तर त्याचा वेगळा भत्ता मिळावा. पाचवे, वेळेची मर्यादा. अर्ध्या तासानंतर विश्रांती किंवा दुसरा माणूस, हा नियम कागदावर लिहिलेला असावा.

काही गोष्टींना ना आदेश लागतो ना पैसा. डॉक्टर, वकील, शिक्षक, अधिकारी, ज्या कुणाला दुभाष्यामार्फत बोलावे लागते, त्याने छोटी वाक्ये बोलावीत. दोघांनी एकाच वेळी बोलू नये. फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवू नये. विषय काय आहे ते दुभाष्याला सुरुवातीलाच सांगावे. आकडे आणि औषधाच्या वेळा दोनदा सांगाव्यात, आणि शेवटी रुग्णालाच त्या आपल्या भाषेत परत सांगायला लावावे. बाईच्या खाजगी दुखण्यासाठी तिच्या मुलाला मध्ये बसवू नये. आणि पाहावे दुभाष्याकडे नव्हे, ज्याच्याशी बोलत आहोत त्याच्याकडे.

कायदा दुभाष्याकडून खरे सांगण्याची शपथ घेतो. त्याला नीट ऐकू यावे, त्याला थांबता यावे आणि त्याला त्याचे दाम मिळावे, ही जबाबदारी शपथ देणाऱ्यांची आहे. आदिलाबादच्या गोंड आणि कोलाम माणसाला उपचार आणि न्याय मिळायचा असेल तर त्याचा आवाज पोहोचवणाऱ्या माणसाचे काम आधी काम म्हणून मान्य झाले पाहिजे. जिल्हा प्रशासनाने ती सुरुवात नोंदवहीच्या पहिल्या पानापासून करावी.